गाडी तीच, इंजिन कोणतं? एमजीबीची चार उत्तरं

संशोधनाची तयारी करताना आपण सगळे तुलना करायला शिकतो. ही पद्धत चांगली की ती, हे उपकरण घ्यावं की ते. प्रयोगशाळेत सोय असते, बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची. इतिहासात ही सोय नाही. तिथे एकाच वेळी माणसं बदलतात, पैसा बदलतो, कायदे बदलतात, आणि मग निकाल नेमका कशामुळे लागला हे सांगता येत नाही.

म्हणून इतिहासात एखादी गोष्ट बराच काळ जवळपास स्थिर राहिलेली सापडली, तर ती सोडू नका. आज अशीच एक केस बघू. एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिचं शरीर वर्षानुवर्षं साधारण तेच राहिलं. आणि ‘हिच्यात दुसरं इंजिन कोणतं बसवायचं?’ या एकाच प्रश्नाला १९६७ ते १९९२ या काळात वेगवेगळ्या लोकांनी चार उत्तरं दिली. त्यातलं एक उत्तर फसलं म्हणून बदनाम आहे, एक योग्य होतं तरी विकलं गेलं नाही. ही चार उत्तरं शेजारी ठेवली की ‘सर्वोत्तम कोणतं?’ या प्रश्नात नेमकं काय राहून जातं ते दिसतं. गाड्यांची आवड नसली तरी चालेल. इंजिन कुठे असतं आणि गिअर कशाला बदलतात एवढं माहीत असलं की पुरे.

आधी गाडीची ओळख

गाडीचं नाव एमजीबी. १९६२ मध्ये बाजारात आली. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावातल्या एमजीच्या कारखान्यात ती बनायची. मालक कंपनी होती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी. आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी होती. एमजीबीचा सांगाडा आणि बॉडी मात्र एकच, म्हणजे मोनोकॉक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोनोकॉकमध्ये बॉनेटखालची जागा, इंजिनाचे आधार, मागची भिंत हे सगळं गाडीच्या मजबुतीचा भाग असतं. मनात आलं आणि कापलं, असं करता येत नाही.

इंजिन होतं बीएमसीचं ‘बी सिरीज’. चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, १७९८ सीसी, कंपनीच्या दाव्यानुसार ९५ अश्वशक्ती. हे इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये कित्येक वर्षं याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. म्हणजे टॅक्सी स्टँडवर जो खडखडाट अनेकांनी ऐकलाय, त्याचाच हा थोरला भाऊ. दणकट, दुरुस्तीला सोपं, पण फार जोरदार नाही.

गाडी भरपूर खपली. १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या. तिची वळणावरची चाल लोकांना आवडायची. तक्रार एकच होती: जोर कमी पडतो. तर मग जास्त जोराचं इंजिन टाका, झालं. इथून खरी गोष्ट सुरू होते.

पहिलं उत्तर: घरात होतं तेच घ्या

१९६७ मध्ये एमजीसी आली. एमजीबीच्याच शरीरात सहा सिलिंडरचं २९१२ सीसीचं ‘सी सिरीज’ इंजिन. शक्ती १४५. कागदावर बघितलं तर प्रश्न सुटला. ९५ चे १४५ झाले, अजून काय हवं?

पण हे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे ९५ किलोने जड होतं. उंचीलाही जास्त. ते खाली बसावं म्हणून पुढच्या सस्पेन्शनचा मूळ आडवा आधार ठेवता आला नाही. मग स्प्रिंग काढून टॉर्शन बार बसवावे लागले. बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटला फुगवटा आला. चाकं १४ इंचांऐवजी १५ इंचांची केली. स्टिअरिंग जड होऊ नये म्हणून त्याची गती संथ केली. म्हणजे बघा, बदलायला गेले एक वस्तू आणि बदलाव्या लागल्या पाच.

आणि इतकं करूनही गाडीचं नाक जड ते जडच राहिलं. समीक्षकांनी टीका केली की वळणावर ही गाडी आत यायला तयार नसते, सरळ जाऊ पाहते. यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. वळताना गाडीला स्वतःच्या मध्याभोवती फिरावं लागतं. फिरण्याला होणारा विरोध वस्तुमानावर तर अवलंबून असतोच, पण ते वस्तुमान मध्यापासून किती लांब आहे याच्या वर्गावरही असतो. समजा, १०० किलो वजन मध्यापासून ०.९ मीटरवर आहे. त्याचा जडत्व आघूर्ण ८१. तेच वजन १.२ मीटरवर नेलं तर १४४. वजन एक ग्रॅमही वाढलं नाही, विरोध मात्र पाऊणपटीहून जास्त वाढला. एका ओळीत सहा सिलिंडर म्हणजे लांबलचक इंजिन. त्याचं वजन पुढे पुढे सरकतं. म्हणजे एमजीसीमध्ये वजनही वाढलं आणि अंतरही वाढलं.

एमजीसी १९६९ मध्ये बंद झाली. साधारण नऊ हजार गाड्या बनल्या.

लोकप्रिय लेखनात इथे एक वाक्य हमखास येतं: ‘हलकं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन उपलब्ध असताना एमजीच्या लोकांनी हे लोखंडाचं धूड का निवडलं?’ वाक्य वाचायला मजेदार आहे. पण संशोधकाने इथेच थांबून विचारायला हवं की उपलब्ध म्हणजे कुणाला, कधी आणि कुणाच्या परवानगीने?

ते दुसरं इंजिन कुठून आलं?

हे ॲल्युमिनियमचं व्ही-८ मुळात अमेरिकन. जनरल मोटर्सच्या ब्युइक विभागाने १९६१ च्या मॉडेलसाठी ते आणलं. आकारमान २१५ घन इंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. आठ सिलिंडर असूनही वजन १४४ किलोच्या आसपास. ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲकच्या छोट्या गाड्यांत ते वापरलं गेलं. पण ॲल्युमिनियमचं ओतकाम महाग पडत होतं, बरेच ब्लॉक सच्छिद्र निघून भंगारात जात होते. त्याच सुमारास पातळ भिंतीचं लोखंडी ओतकाम जमायला लागलं. जनरल मोटर्सने हिशोब केला आणि १९६३ नंतर हे इंजिन सोडून दिलं.

ब्रिटनमधल्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत दुसऱ्याच कामासाठी गेले होते. बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कार्यशाळेत त्यांना हे इंजिन दिसलं. बोलणी झाली आणि १९६५ च्या सुरुवातीला रोव्हरला त्याचे हक्क मिळाले. ब्युइकमधले निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे इंजिनिअर जो टर्ले सल्लागार म्हणून इंग्लंडला आले. रोव्हरने ओतकामाची पद्धत बदलली. लोखंडी बाही ब्लॉकबरोबर ओतण्याऐवजी नंतर दाबून बसवायला सुरुवात केली. पहिली रोव्हर गाडी या इंजिनासह आली ती १९६७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी एमजीसी आली त्याच वर्षी.

आता तारखा शेजारी ठेवा. एमजीसीचा आराखडा झाला तो १९६७ च्या बऱ्याच आधी. त्या काळात रोव्हर ही एमजीच्या मालकांची प्रतिस्पर्धी कंपनी होती. रोव्हर लेलँडमध्ये गेली १९६७ मध्ये. लेलँड आणि एमजीची मालक कंपनी एकत्र येऊन ब्रिटिश लेलँड झाली १९६८ मध्ये. म्हणजे एमजीसीचं इंजिन ठरवणाऱ्या माणसाच्या टेबलावर रोव्हरचं व्ही-८ नव्हतंच. त्याच्यासमोर होती आपल्या घरातली इंजिनं. त्यातलं एक ऑस्ट्रेलियात बनणारं, बी सिरीजचंच सहा सिलिंडरचं २४३३ सीसीचं होतं. पण ते जगाच्या दुसऱ्या टोकाला आणि थोड्या संख्येने बनत होतं. दुसरं सी सिरीज. ते नव्याने आखलं जात होतं, ऑस्टिनच्या मोठ्या गाडीसाठीही वापरलं जाणार होतं आणि त्याचं वजन कमी होईल अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा फारशी पुरी झाली नाही.

म्हणजे निर्णय चुकला असं म्हणता येईल. निर्णय घेणारे मूर्ख होते असं म्हणता येणार नाही. मराठीत याला छान शब्द आहे, पश्चातबुद्धी. शोधनिबंधांचा आढावा लिहिताना हा दोष फार सहज होतो. ‘अमुक यांनी तमुक तंत्र वापरायला हवं होतं’ असं आपण लिहितो आणि ते तंत्र त्यांच्या नंतर चार वर्षांनी आलेलं असतं. टीका करायची तर जरूर करा, पण आधी त्या माणसाच्या टेबलावर काय काय होतं त्याची यादी करा.

दुसरं उत्तर: एका माणसाचं

१९७० च्या सुमाराला केन कॉस्टेलो नावाच्या एका रेसिंग करणाऱ्या माणसाने एमजीबीमध्ये हेच व्ही-८ बसवून दाखवलं आणि तशा गाड्या तो विकूही लागला. कंपनीला जे जमलं नव्हतं ते एका छोट्या कार्यशाळेत झालं.

कसं काय? कारण इंजिन या गाडीला साजेसं होतं. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे ते जुन्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा जड नव्हतं, थोडं हलकंच होतं. व्ही आकारामुळे लांबीला आखूड. म्हणजे वजन मागे, मध्याच्या जवळ. पुढच्या सस्पेन्शनला हात लावायची गरज पडली नाही. रुंदी मात्र वाढली आणि उंचीचाही प्रश्न होता. कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर बसत असल्यामुळे कॉस्टेलोच्या गाड्यांच्या बॉनेटलाही फुगवटा होता.

गिअरबॉक्स त्याने एमजीबीचाच ठेवला. मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर मात्र बदलून ३.०७ केलं. मूळ गाडीत ते ३.९ होतं. बहुतेक लेखांत ही माहिती एका ओळीत संपते. माझ्या मते अख्ख्या गोष्टीचा गाभा तोच आहे, म्हणून जरा थांबू.

गिअरबॉक्सचा हिशोब

इंजिन बदलायचं म्हटलं की सगळे अश्वशक्ती विचारतात. गिअरबॉक्सला अश्वशक्तीशी देणंघेणं नसतं, त्याला टॉर्क झेलायचा असतो. बी सिरीजचा टॉर्क साधारण १४९ न्यूटन-मीटर. कारखान्याने पुढे वापरलेल्या व्ही-८ चा २६२. म्हणजे त्याच दातांवर, त्याच बेअरिंगवर पंचाहत्तर टक्के जास्त भार.

दुसरी बाजू वेगाची. व्ही-८ ला जोर देण्यासाठी फार फिरावं लागत नाही, त्याचा टॉर्क खालच्या फेऱ्यांवरच मिळतो. मूळ गाडीच्या टायरचा घेर साधारण १.९२ मीटर धरा. ३.९ गुणोत्तर असेल तर ताशी १०० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला जवळजवळ ३४०० फेरे मारतं. ३.०७ केलं की तेच २६७० च्या आसपास येतात. इंजिन निवांत चालतं, आवाज कमी, पेट्रोल कमी. पण मग ओढ कमी होणार ना? करून बघा. चौथा गिअर थेट असतो, म्हणून मागच्या ॲक्सलवरचा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले डिफरन्शिअलचं गुणोत्तर. जुन्या गाडीत १४९ गुणिले ३.९, म्हणजे ५८० च्या आसपास. नव्यात २६२ गुणिले ३.०७, म्हणजे ८०४. फेरे कमी झाले तरी ओढ वाढलीच.

आता समजा, कुणी नवं इंजिन टाकलं आणि डिफरन्शिअल ३.९ चंच ठेवलं. गाडी सिग्नलला जोरात सुटेल, पण हायवेवर इंजिन विनाकारण ओरडत राहील आणि पहिला गिअर जवळजवळ निरुपयोगी होईल. इंजिन उत्तम, गाडी वाईट. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल या तीन वेगळ्या निवडी नाहीत, ती एकच निवड आहे.

हे आपल्याकडेही दिसतं. ॲम्बॅसिडरमध्ये १९९० च्या दशकात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा सोबत पाच गिअरचा बॉक्सही आला. जुना बॉक्स तसाच ठेवला असता तर नव्या इंजिनाचा निम्मा फायदा वाया गेला असता.

तिसरं उत्तर: कारखान्याचं

कॉस्टेलोची गाडी ब्रिटिश लेलँडने मागवून बघितली. आता एमजी आणि रोव्हर एकाच छताखाली होत्या. ऑगस्ट १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आली. कारखान्याने रेंज रोव्हरसाठीचं कमी कॉम्प्रेशनचं ३५२८ सीसीचं इंजिन घेतलं, १३७ अश्वशक्तीचं. आकडा बघा: बदनाम एमजीसीपेक्षा आठ कमी. तरीही ही गाडी ताशी २०० किलोमीटरच्या घरात जायची आणि वळणावर एमजीबीसारखीच वागायची.

कारखान्याने काही गोष्टी जास्त नीट सोडवल्या. नवा इनलेट मॅनिफोल्ड करून कार्ब्युरेटर मागे, भिंतीजवळ नेले. त्यामुळे बॉनेट सपाट राहिलं. रेडिएटर पुढे सरकवून त्याला दोन विजेचे पंखे दिले. डिफरन्शिअल ३.०७ चं.

गिअरबॉक्स मात्र चार गिअरचाच, एमजीबीच्याच घराण्यातला, ओव्हरड्राइव्ह जोडलेला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारा एक जादा टप्पा, ज्याने इंजिनाचे फेरे आणखी कमी होतात. सुरुवातीला तो तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गिअरमध्ये चालायचा. लवकरच तो फक्त चौथ्यापुरता ठेवला. कारण मघाच्या हिशोबातच आहे. चौथ्यात इंजिनाचा टॉर्क जसाच्या तसा मागे जातो. तिसऱ्यात तो गिअरबॉक्समध्ये वाढतो आणि वाढलेला टॉर्क ओव्हरड्राइव्हवर आदळतो. चार सिलिंडरसाठी ते सहन होत होतं, व्ही-८ साठी नाही. म्हणजे जोर कितीही असला तरी साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीने तो किती वापरायचा हे ठरवलं.

मग ही गाडी धो धो विकली गेली असेल? नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे तेलसंकट आलं. आठ सिलिंडरच्या गाडीचं नाव काढणं कठीण झालं. किंमत साधारण २३०० पौंड. तीन लिटरची फोर्ड काप्री त्यापेक्षा बरीच स्वस्त मिळायची. एमजीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, पण तिथे ही गाडी कधी विकलीच नाही. १९७६ मध्ये ती बंद झाली. एकूण २५९१ बनल्या. फसलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या एमजीसीच्या एक तृतीयांशही नाहीत.

हा आकडा पचवायला वेळ घ्या. विक्री हाच निकष धरला तर एमजीसी यशस्वी आणि व्ही-८ अपयशी. वळणावरची चाल हा निकष धरला तर उलट. आपल्या प्रबंधातही हेच होतं. निकष आधी ठरवला नाही, तर निकाल बघून आपण सोयीचा निकष उचलतो.

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. कागदावरचे आकडे वाचताना हेही ध्यानात असू द्या. निवडी चुकतात किंवा उशिरा जमतात, तेव्हा त्याची किंमत आकडेमोड न करणारी माणसंही मोजतात.

शेजारच्या गाडीचा पुरावा

एका केसवरून नियम काढू नये, हे तुम्हाला मार्गदर्शक सांगतीलच. म्हणून दुसरी केस थोडक्यात. ब्रिटनच्याच रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन ही चार सिलिंडरची गाडी. तिच्यात फोर्डचं २६० घन इंचाचं व्ही-८ बसवून १९६४ मध्ये सनबीम टायगर निघाली. नमुना गाड्या कॅलिफोर्नियात झाल्या. केन माइल्स यांनी एक झटपट बनवली, कॅरल शेल्बी यांनी एक सावकाश. या लोकांनी गिअरबॉक्सही नव्या इंजिनाला झेपेल असाच घेतला आणि डिफरन्शिअल २.८८ चं. स्टिअरिंगची जुनी यंत्रणा इंजिनाच्या आड येत होती, ती काढून रॅक अँड पिनियन बसवलं. तांत्रिकदृष्ट्या जुळणी व्यवस्थित झाली.

पण १९६७ मध्ये रूट्सचा ताबा पूर्णपणे क्रायस्लरकडे गेला. क्रायस्लरच्या गाडीत प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन कसं चालेल? स्वतःचं व्ही-८ बसवायचं तर त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला. टायगरमध्ये तिथे जागाच नव्हती. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर पुढे होता म्हणून तर ते मावलं होतं. गाडी बंद झाली. मुठीएवढ्या एका भागाची जागा आणि कंपनीची मालकी, दोन्ही मिळून निकाल लागला. एमजीसीच्या वेळी मालकीने पर्याय हिरावला होता, टायगरच्या वेळी मालकीने चालू असलेली गाडी थांबवली.

चौथं उत्तर आणि उशिराचा फायदा

१९९२ मध्ये रोव्हरने एमजी आरव्ही-८ आणली. जुन्या एमजीबीच्या बॉडीचे साचे वापरून शरीर पुन्हा बनवलं जात होतं, त्यावर ही गाडी बेतली. इंजिन तेच, पण वाढून ३.९ लिटर आणि १९० अश्वशक्तीचं झालेलं. गिअरबॉक्स या वेळी पाच गिअरचा, याच व्ही-८ च्या जोडीला रोव्हरच्या ताफ्यात रुळलेला. मागचा ॲक्सल मात्र अजूनही पानपट्ट्यांच्या स्प्रिंगवर. दोन हजारांना थोड्या कमी गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या.

इथे पुन्हा पश्चातबुद्धी डोकावते: ‘१९७३ मध्येच पाच गिअर का नाही दिले?’ कारण रोव्हरच्या एसडी-१ गाडीबरोबर हा पाच गिअरचा बॉक्स आला १९७६ मध्ये. आजही एमजीबीत इंजिन बदलणारे हौशी लोक हाच खेळ खेळतात. कुणी रोव्हरचं व्ही-८ घेतं, अमेरिकेत कुणी फोर्डचं ३०२ किंवा जनरल मोटर्सचं व्ही-६, आणि जोडीला बोर्ग-वॉर्नरचा टी-५ गिअरबॉक्स. त्यांच्या टेबलावर पन्नास वर्षांचे पर्याय आहेत. त्यांची निवड सरस असण्यात नवल नाही.

तुमच्या कामासाठी

या चार उत्तरांतून प्रश्नांचा एक क्रम काढता येतो. इंजिन निवडताना तो असा: गाडी कशासाठी हवी? शरीर किती वजन, कुठे पेलू शकतं? जागा तिन्ही दिशांनी किती आहे? टॉर्क पुढच्या सगळ्या कड्यांना झेपेल का? गुणोत्तर जुळतं का? हे इंजिन मला खरोखर मिळू शकतं का आणि उद्याही मिळेल का? अश्वशक्तीचा प्रश्न यानंतर. तोही विचारताना आकडा कोणत्या पद्धतीने मोजला ते बघा. अमेरिकन कंपन्यांनी १९७२ च्या सुमारास मोजण्याची पद्धत बदलली आणि त्याच इंजिनांचे आकडे एका रात्रीत खाली आले. इंजिनं मात्र तीच होती.

संशोधनाची पद्धत निवडतानाही हाच क्रम लावा. मशीन लर्निंगचं एखादं भारी मॉडेल हे २६२ न्यूटन-मीटरचं इंजिन आहे. तुमचा डेटा हा गिअरबॉक्स. दोनशे नमुन्यांच्या डेटावर ते मॉडेल लावलंत तर दात तुटणारच. विभागातलं एखादं उपकरण दुसऱ्या गटाच्या मालकीचं असेल, तर ते ‘उपलब्ध’ आहे असं प्रस्तावात लिहिण्याआधी टायगर आठवा. आणि पद्धत बदलल्यामुळे आणखी पाच गोष्टी बदलाव्या लागत असतील, तर एमजीसीचं बॉनेट आठवा.

एक अभ्यास सुचवतो. तुमच्या विषयातला एखादा जुना शोधनिबंध घ्या, ज्याची पद्धत आज चुकीची किंवा मागासलेली मानली जाते. तो प्रसिद्ध होण्याच्या पाच वर्षं आधीपासूनची एक यादी करा. कोणती तंत्रं होती, कोणाकडे होती, किती महाग होती, त्या प्रयोगशाळेला कोणती मिळू शकत होती. यादी पूर्ण झाल्यावरच ठरवा की लेखकांनी चूक केली की हातात होतं त्यातलं बरं निवडलं. दोन्हीपैकी काहीही निघू शकतं. पण ते तुम्ही शोधून काढलेलं असेल. ही यादी नोंदवहीत जपून ठेवा, आढाव्याच्या प्रकरणात ती कामाला येते.